पालदी : गिरणी गेली, चूल राहिली

कॅनडात व्हँकुव्हर शहराला लागून असलेल्या बर्नबीच्या बार्नेट किनाऱ्यावर आम्ही गेली सहा वर्षे संध्याकाळी फिरायला जातो. पाण्यालगत काँक्रीटचे एक अवाढव्य जुने बांधकाम उभे आहे, मुले त्याला किल्ला म्हणतात, आणि तिथे पूर्वी लाकूड कापण्याची गिरणी होती एवढीच माझी माहिती होती. यंदा उन्हाळ्यात बाबा बल्लारशाहहून आमच्याकडे राहायला आले, आणि त्यांच्या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता मला कळले की दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास याच किनाऱ्यावर कपूर सिंग सिद्धू या पंजाबी गृहस्थांची गिरणी चालत होती. त्यांचे पूर्वीचे भागीदार मेयो सिंग यांनी तर व्हँकुव्हर बेटावर गिरणीभोवती एक संपूर्ण गाव वसवले होते. त्या गावाचे नाव पालदी.

बाबांची नोकरीची पस्तीस वर्षे बल्लारशाहच्या लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्यांची मोजणी करण्यात गेली. स्टॅनली पार्क, झुलता पूल, मॉल हे सगळे त्यांनी मुकाट्याने पाहिले होते. पण लाकडाच्या गिरणीचे गाव म्हटल्यावर ते खुर्चीत पुढे सरकून बसले. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारची सुट्टी जोडून आम्ही तिघे, म्हणजे बाबा, माझे यजमान आणि मी, तीन दिवसांसाठी निघालो.

पहिला दिवस : लाकडी पूल

बेटावर जाणाऱ्या फेरीत, म्हणजे गाड्याही वाहून नेणाऱ्या बोटीत, गाडीसाठी जागा आधी राखून ठेवायची असते, हे आम्ही लांबच्या सुट्टीच्या आनंदात विसरलो आणि दोन बोटी डोळ्यांसमोरून जाऊ दिल्या. चूक सर्वस्वी आमची होती, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? मुख्य भूमीवरच्या त्सावासनहून बेटावरच्या स्वार्ट्झ बेला पोहोचायला सुमारे दीड तास लागतो. पुढे मलाहाट डोंगराचा रस्ता चढून उतरलो की कौइचन खोरे सुरू होते. या नावाचा अर्थ उबदार भूमी असा सांगतात आणि त्या दिवशी तरी तो तंतोतंत खरा होता. पारा तिशीपार गेला होता, गवत पिवळेजर्द पडले होते, आणि रस्त्याकडेच्या वणव्याच्या धोक्याच्या फलकावरील काटा लाल पट्ट्यात टेकला होता.

डंकन या मुक्कामाच्या गावी जाण्याआधी शॉनिगन तलावाजवळचा किन्सोल पूल पाहिला. गाडीतळापासून साधारण एक किलोमीटर सपाट, सावलीची वाट आहे आणि वयस्कर माणसांनाही ती सहज जमते. वाटेच्या शेवटी झाडी एकदम मागे सरते आणि समोर कोक्सायला नदीच्या घळीवर वळण घेत गेलेला लाकडी रेल्वेपूल दिसतो. तो ४४ मीटर उंच आणि १८८ मीटर लांब आहे. बेटाच्या अंतर्भागातील लाकूड किनाऱ्यावर आणण्यासाठी तो बांधला गेला आणि १९२० मध्ये पूर्ण झाला. १९७९ मध्ये त्यावरून शेवटची गाडी गेली. त्यानंतर तो पाडून टाकण्याचे घाटत होते, परंतु स्थानिक लोकांनी नेट धरला, दुरुस्ती झाली आणि २०११ मध्ये तो पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला.

बाबा पुलावर न जाता खालच्या पायवाटेने खांबांपाशी उतरले. लाकडावर लाकूड, त्यावर तिरके आडवे आधार, पुन्हा लाकूड, असा तो डोलारा मान मोडेपर्यंत वर गेलेला होता. त्यांनी एका खांबावर तळहात ठेवला, मग नाक जवळ नेले.

"डांबरी तेल पाजलंय याला," ते म्हणाले. "आपल्याकडं रेल्वेच्या स्लीपरला असाच वास यायचा."

डंकनमध्ये चाळीसच्या आसपास कोरीव टोटेम खांब गावभर उभे आहेत आणि पदपथावर रंगवलेल्या पावलांच्या मागे चालत गेले की ते एकेक करून दिसतात. तिन्हीसांजेला आम्ही अर्धेच पाहिले. ज्यांची ही जमीन होती आणि ज्यांची ही झाडे होती, त्या कौइचन या मूळ रहिवासी लोकांचे हात या खांबांत दिसतात. पुढच्या दोन दिवसांत आम्ही लाकडाच्या इतिहासाच्या ज्या अनेक पाट्या वाचल्या, त्यांतील बहुतेकींवर त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीपुरताच होता, हे इथे नोंदवून ठेवते.

दुसरा दिवस : पालदी

डंकनहून कौइचन तलावाकडे जाणारा १८ क्रमांकाचा महामार्ग धरला की साधारण अर्ध्या तासाच्या निवांत प्रवासात सगळे खोरे पार होते. पालदी त्याहून बरेच अलीकडे, जेमतेम पंधरा मिनिटांवर आहे. फोनवरील नकाशाने आम्हाला आधी एका खडीच्या रस्त्यावर नेऊन सोडले, जिथे कुलूप लावलेले लाकूडकंपनीचे फाटक सोडून काहीही नव्हते. मागे वळून पुन्हा महामार्गावर यावे आणि गावाच्या नावाची पाटी पाहूनच वळावे, हा सोपा उपाय.

जिथे वाट चुकलो तिथेच मात्र एक गोष्ट पाहायला मिळाली. नव्या, बारीक झाडांच्या दाटीत एक जुना बुंधा उभा होता. त्याची उंची माणसाच्या डोक्याहून अधिक होती, घेर आम्हा तिघांच्या कवेत मावला नसता, लाकूड राखाडी होऊन भुसभुशीत झाले होते आणि डोक्यावर हकलबेरीचे झुडूप लाल फळांनिशी उगवले होते. जमिनीपासून चारेक फुटांवर त्या बुंध्यात दोन आडव्या खाचा होत्या, डोळ्यांसारख्या. झाड तोडणारे दोन गडी कुऱ्हाडीने अशा खाचा पाडत, त्यांत लोखंडी टोकाच्या फळ्या अडकवत, त्या फळ्यांवर उभे राहत आणि मग लांबलचक करवत दोन्ही बाजूंनी ओढत. बुडाशी झाड फार फुगलेले असते आणि तिथल्या लाकडात चीकही फार असतो, म्हणून इतक्या उंचीवर कापणी होई.

बाबांना हे मुळीच पटले नाही. सागाचे झाड जमिनीलगत कापायचे असते, म्हणजे बुंध्याला फुटवे येतात आणि त्याच मुळांवर पुन्हा झाड उभे राहते, हे ते आयुष्यभर सांगत आले आहेत. इथल्या डग्लस फर या सूचिपर्णी झाडाला असे फुटवे येत नाहीत, हे मी त्यांना सांगितले. त्यावर ते बराच वेळ त्या बुंध्याकडे पाहत राहिले.

"म्हणजे एकदा तोडलं की संपलं," ते म्हणाले. "मग गाव तरी कसं टिकेल?"

ते गाव आम्हाला दहा मिनिटांनी दिसले. दिसले म्हणजे काय, तर झाडांमधली एक मोकळी जागा, मोजकीच घरे आणि निशाण साहिबचा केशरी झेंडा. दुकान नाही, शाळा नाही, गिरणी नाही. आपण चुकून कोणाच्या तरी अंगणात शिरलो आहोत, असे वाटावे इतकी शांतता होती.

मेयो सिंग १९०६ मध्ये ब्रिटिश कोलंबिया या कॅनडाच्या पश्चिमेकडील प्रांतात आले. ते पंजाबमधल्या होशियारपूर जिल्ह्यातील पालदी या खेड्याचे. फ्रेझर नदीच्या खोऱ्यात इतर पंजाबी मंडळींसह गिरणीधंद्याचा अनुभव घेऊन ते बेटावर आले आणि १९१७ मध्ये इथे त्यांनी वस्तीचा पाया घातला. त्या वेळचा काळ पाहिला म्हणजे या धाडसाचे मोल कळते. १९०७ मध्ये प्रांताने हिंदुस्थानी लोकांचा मताधिकार काढून घेतला होता. पुढच्याच वर्षी मायदेशातून सलग प्रवास करून येणाऱ्यांनाच प्रवेश, असा नियम केंद्र सरकारने केला, आणि हिंदुस्थानातून थेट इथवर येणारी बोट तर नव्हतीच. १९१४ मध्ये कोमागाता मारू जहाज ३७६ हिंदुस्थानी उतारू घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने उभे राहिले आणि मोजक्या काही जणांखेरीज सर्वांना परत पाठवण्यात आले. त्यानंतर तीनच वर्षांत, ज्यांना मत नव्हते आणि ज्यांच्या बायकामुलांना देशात येण्याची परवानगी नव्हती, अशा माणसांनी इथे रान घेतले, रूळ टाकले आणि करवती बसवल्या.

गावाचे नाव आधी मेयोच होते. परंतु युकॉन प्रदेशातही मेयो नावाचे गाव असल्यामुळे घोटाळा होऊ लागला, आणि १९३६ मध्ये नाव बदलून पालदी करण्यात आले. टपालाच्या गोंधळातून माणसाला आपले जन्मगाव पुन्हा मिळावे, हे मला फार गमतीचे वाटले.

गिरणी सुरू झाल्यावर लगोलग, १९१९ मध्ये, इथे गुरुद्वारा उभा राहिला. या भागातील पंजाबी कामगारांची ती रीतच होती. मुख्य भूमीवरील ॲबट्सफर्डचा १९११ सालचा गुरुद्वारा तर मजुरांनी तिथल्या गिरणीने दिलेले लाकूड अक्षरशः पाठीवरून वाहून नेऊन बांधला. पालदीचा सध्याचा गुरुद्वारा १९५९ सालचा आहे. बाहेरून तो एखाद्या साध्या सभागृहासारखा दिसतो, आणि संगमरवर, घुमट वगैरे मनात धरून येणाऱ्याची निराशाच होईल. आत गेल्यावर मात्र पायाखालची जमीन जरा दबते आणि कुरकुरते, तेव्हा आपण लाकडावर उभे आहोत याची आठवण होते.

(जाणाऱ्यांसाठी : गुरुद्वारा लहान आहे आणि तिथे दररोज वर्दळ असेलच असे नाही, त्यामुळे आधी चौकशी करावी. रविवार त्यातल्या त्यात सोयीचा. डोके झाकण्यासाठी रुमाल किंवा ओढणी जवळ ठेवावी, जोडे बाहेर काढावेत, तंबाखू आणि मद्य गाडीतसुद्धा नसलेले बरे. आसपास खाण्यापिण्याचे दुकान नाही, आणि फोनची रेंज जाते-येते.)

आत दहा-बारा माणसे होती. पाठ संपल्यावर स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला आणि एका वृद्ध बाईंनी काही न विचारता आम्हाला पंगतीत बसवले. दाट काळी डाळ, रोटी, फ्लॉवर-बटाट्याची भाजी, दही, आणि शेजारी वाडग्यात रस्त्याकडेला तोडलेल्या काळ्या ब्लॅकबेरी! बाबा मांडी घालून बसले आणि दोन महिन्यांत प्रथमच त्यांनी चौथी रोटी मागून घेतली.

आम्ही कुठले, असे त्या बाईंनी विचारले. बर्नबी हे उत्तर त्यांना पुरेसे वाटले नाही. मग बाबांनी महाराष्ट्र म्हणून सांगितले.

"हजूर साहिब!" त्या एकदम म्हणाल्या. दोन्ही हात जोडून त्यांनी नमस्कार केला, तो आम्हाला होता की नांदेडला, कळले नाही. त्या दोनदा नांदेडला जाऊन आल्या होत्या. मग त्यांनी भगत नामदेवांचे नाव घेतले. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, हे मला ऐकून माहीत होते. पण घरापासून पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, फरच्या जंगलात, ताटात डाळ वाढता वाढता ते नाव कोणी घ्यावे, याला माझी तयारी नव्हती. बाबांना कंठ फुटला आणि त्यांनी एक अभंग म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला ते अडखळले, तेव्हा बाईंनी त्यांच्या ताटात पाचवी रोटी टाकून त्यांची सुटका केली.

जेवणानंतर भिंतीवरची जुनी छायाचित्रे पाहिली. एका चित्रात गिरणीपुढे ओळीने उभे असलेले कामगार आहेत, पागोटेवाले आणि टोपीवाले सरमिसळ. पालदीत पंजाबी होते तसे चिनी, जपानी आणि युरोपीय कामगारही होते. त्यांच्या राहण्याच्या जागा निरनिराळ्या होत्या, मुलांची शाळा मात्र एक होती. या प्रांतातील इतर कित्येक गिरण्यांत आशियाई माणसाला त्याच कामाची मजुरी गोऱ्या माणसाहून कमी मिळे, आणि सर्वांत अंगमेहनतीचे काम त्याच्याच वाट्याला येई. त्या कामाला ग्रीन चेन म्हणत. ग्रीन म्हणजे ओले, न सुकवलेले लाकूड. करवतीतून निघालेल्या फळ्या साखळीच्या पट्ट्यावरून सरकत येतात आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या माणसांनी लांबी-रुंदीप्रमाणे त्या ओढून वेगवेगळ्या थप्प्यांत लावायच्या असतात. ओली फळी सुक्या फळीच्या जवळजवळ दुप्पट जड असू शकते आणि साखळी कोणासाठी थांबत नाही. बाबांनी हे ऐकून आपला उजवा खांदा चोळला, जणू काही तेच आता पाळी संपवून आले होते.

त्या छायाचित्रांतील जपानी माणसांचे पुढे काय झाले, हे तिथल्या एका मध्यमवयीन सेवेकऱ्याने एका वाक्यात सांगितले : "बेचाळीसमध्ये त्यांना घेऊन गेले." १९४२ मध्ये कॅनडा सरकारने पश्चिम किनाऱ्यावरील बावीस हजारांच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून आतील प्रदेशातील छावण्यांत पाठवले. त्यांतले बहुतेक कॅनडाचेच नागरिक होते. घरे, होड्या, सामान लिलावात विकून टाकण्यात आले आणि किनाऱ्यावर परतण्याची मुभा १९४९ पर्यंत नव्हती. पालदीतील जपानी आळी अशी रिकामी झाली. शाळेतील बाके एका आठवड्यात कशी ओस पडली असतील, याचा विचार मी त्या चित्रासमोर करत होते आणि मागे स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा आवाज चालू होता.

बाकीचे गावही पुढे विरळ होत गेले, पण त्यात कोणाचा हुकूम नव्हता. जवळचे लाकूड संपत आले, गिरणी थांबली, मेयो सिंग १९५५ मध्ये वारले, माणसे डंकन, व्हिक्टोरिया, व्हँकुव्हर अशी पांगली. लाकडाच्या गावाचे घर कंपनीचे असते. काम संपले की घराचाही आधार जातो. भिंती लाकडाच्या, त्या पाडल्या की दगडी चौथरासुद्धा उरत नाही. बल्लारशाहचा गोंड राजांचा किल्ला पाचशे वर्षांनंतरही उभा आहे. इथल्या शंभर वर्षांपूर्वीच्या गावाची आखणी शोधायची तर गवतातले सफरचंदाचे एखादे झाड पाहून, इथे कोणाचे तरी परसदार असणार, असा तर्क करावा लागतो.

तरीही दर वर्षी १ जुलैच्या सुमारास इथे जोडमेळा भरतो. जुन्या रहिवाशांची मुले-नातवंडे लांबून येतात, लंगर चालतो, खेळ होतात. पुढच्या वेळी त्याच दिवसांत यायचे, हे आम्ही तिथेच ठरवले. निघताना बाईंनी कागदात गुंडाळून सहा पिन्न्या दिल्या. कणीक, तूप आणि गूळ यांचे ते लाडू आपल्या डिंकाच्या लाडवांच्या नात्यातले आहेत आणि प्रवासात आठवडाभर टिकतात.

दुपारनंतर कौइचन तलावापर्यंत गेलो. लेक कौइचन गावात १९१३ च्या रेल्वेस्थानकात एक छोटे संग्रहालय आहे आणि लाकूडतोड्यांच्या संघटनेचा इतिहास त्यात बराच आहे. तासभर ठेवावा, वेळा आधी पाहून घ्याव्यात. तलावाच्या उत्तर काठावरील यूबू या गावाच्या विचित्र नावाचा उलगडाही झाला. जुन्या लाकूडकंपनीतील यौंट आणि बाउटेन या दोन अधिकाऱ्यांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून ते बनवलेले आहे. तिथली गिरणी जानेवारी २००१ मध्ये बंद झाली आणि सुमारे २२० माणसांचे काम गेले. आता तिथे काठावर नुसते मोकळे मैदान आहे. आम्ही तलावात पाय सोडून बसलो. पाणी इतके स्वच्छ होते की पायाखालचा खडान्‌खडा दिसत होता, आणि दूर कुठेतरी लागलेल्या वणव्याच्या धुराने सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा झाला होता.

तिसरा दिवस : मोजणी आणि भित्तिचित्रे

डंकनच्या उत्तरेस वनशोध केंद्र म्हणून शंभर एकरांचे एक उघडे संग्रहालय आहे. जेरी वेलबर्न यांनी जमवलेल्या जुन्या इंजिनांपासून त्याची सुरुवात झाली आणि १९६५ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. उन्हाळ्यात तिथली अरुंद रुळांची छोटी आगगाडी तलावावरच्या लाकडी पुलावरून फिरवून आणते. लहान मुले बरोबर असतील तर इथे अर्धा दिवस सहज जातो. पाण्याची बाटली आणि टोपी हवीच.

आमचे लक्ष मात्र एका इंजिनावर होते. मेयो सिंग यांच्या लाकूडकंपनीचे शे जातीचे वाफेचे इंजिन इथे जपून ठेवलेले आहे. शे इंजिनाची रचना साध्या इंजिनापेक्षा अगदी निराळी असते. वाफेचे सिलिंडर एका बाजूला उभे बसवलेले असतात आणि त्यांची शक्ती लांब दांड्याने व दात्यांच्या चाकांनी प्रत्येक चाकापर्यंत पोहोचते. त्यामुळे ते फार हळू चालते, पण तीव्र चढ आणि वेडेवाकडे, घाईने टाकलेले रूळ यांवरही घसरत नाही. दोन्ही बाजू सारख्या नसल्यामुळे ते समोरून काहीसे कलल्यासारखे दिसते, जड बादली एका हातात घेतलेल्या माणसासारखे. कालच्या त्या निःशब्द माळावरून हेच यंत्र ओंडके ओढत गेले असेल, हे लक्षात आल्यावर मला पालदी प्रथमच गावासारखे दिसले, म्हणजे धूर, शिट्टी आणि भुश्यासकट.

बाबांनी तोवर एक भला मोठा फरचा ओंडका गाठला होता. मला आधी वाटले ते थकून टेकले आहेत. जवळ गेल्यावर पाहिले तर ते माझ्या ओढणीने ओंडक्याचा घेर मोजत होते. ओढणी किती वितींची आहे हे आधी मोजून ठेवलेले होते. डेपोतील हिशोब असा : ओंडक्याच्या मध्यावरचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा करायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. घेर भरला सहा मीटर. चौथा हिस्सा दीड, वर्ग सव्वादोन, लांबी पावलांनी धरली दहा मीटर.

"साडेबावीस घनमीटर," ते म्हणाले आणि स्वतःच दचकले. त्यांच्या डेपोत एक मीटर वीस सेंटिमीटर घेराचा आणि चार मीटर लांबीचा सागाचा ओंडका आला तर तो ०.३६ घनमीटर भरतो. म्हणजे या एका ओंडक्यात तसले बासष्ट! मग जरा सावरून त्यांनी सागाची बाजू घेतली. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये लाकूड बल्लारशाहच्या डेपोतून गेले, फरला कोणी विचारले नाही, हे त्यांनी यंत्रांची माहिती द्यायला उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला सांगितले आणि मला त्याचे भाषांतर करायला लावले. तो भला माणूस, त्याने फरच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली.

शेवटचा टप्पा शमेनसचा. समुद्रकाठच्या या गावात १८६२ मध्ये लाकूड कापायला सुरुवात झाली. १९८० नंतरच्या मंदीत गिरणी डबघाईला आली आणि १९८३ मध्ये बंद पडली, पण त्याच्या एक वर्ष आधीच गावाने आपला इतिहास भिंतींवर रंगवून घ्यायला प्रारंभ केला होता. आज तिथे चाळीसहून अधिक भित्तिचित्रे आहेत आणि ती पाहायला बसगाड्या भरभरून येतात. गिरणी पुढे नव्या, लहान रूपात पुन्हा उभी राहिली, परंतु गावाचे पोट तोवर चित्रांवर भरू लागले होते. गाडी एकदाच कुठेतरी उभी करून पायीच फिरावे. दोन तास पुरतात. दुपारी तीननंतर गर्दी ओसरते आणि पश्चिमेकडच्या भिंतींवर ऊन चांगले पडते.

चित्रे कसबी हातांची आहेत, यात शंका नाही. जहाजांवर अजस्र तुळया चढवणाऱ्या चिनी हमालांच्या टोळीचे चित्र पाहून बाबा उभेच राहिले. होंग हिंग यांच्या किनाऱ्यावरील दुकानाचे चित्र तर खरे दुकानच वाटते. पण तासाभरानंतर माझे मन उडाले. इथे प्रत्येक आठवणीला चौकट आहे, माहितीची पाटी आहे आणि शेजारी आइस्क्रीमचे दुकान आहे. शमेनसने जे केले ते शहाणपणाचे होते आणि त्याने शेकडो कुटुंबे गावात राहिली, हे मान्य करूनही मला आदल्या दिवशीची ती न रंगवलेली भिंत आणि आतून येणारा फोडणीचा वास अधिक जवळचा वाटला. यजमानांचे मत याच्या अगदी उलट आहे. पालदीत पाहण्यासारखे काय होते, असा त्यांचा प्रश्न असून त्यावर आमची चर्चा अजून चालू आहे.

परतीची फेरी आम्ही ड्यूक पॉइंटहून घेतली, आणि या वेळी जागा राखून ठेवली होती. बोट सुटेपर्यंत ऊन उतरले होते. धक्क्यापासून थोड्या अंतरावर, पाण्यात एकमेकांना बांधलेल्या ओंडक्यांचे मोठे तराफे गिरणीची वाट पाहत पडले होते. बाबा कठड्याला टेकून उभे राहिले, एका हातात अर्धी पिन्नी, आणि दुसऱ्या हाताचे बोट हवेत हलवत त्यांनी एकेक रांग मोजायला सुरुवात केली. शहात्तरपर्यंत ते पोहोचले होते, तेवढ्यात बोट वळली.

"राहू दे," ते म्हणाले, आणि उरलेली पिन्नी माझ्या हातावर ठेवून चष्मा पुसू लागले.